फोनवरच्या मशीनचं बक्षीस कोण ठरवतं?

"मशीनला जात नसते, ऑफिसातल्या बाबूपेक्षा मशीन बरं," असं आपले शिकलेले तरुण अलीकडे वारंवार म्हणतात. बाबूच्या टेबलासमोर आपल्या आईबापांनी जे सोसलं, ते पाहता हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण फोनवर बोलणारं मशीन कसं शिकतं हे एकदा पाहून घ्या, मग ठरवा.

मी कारध्यात आणि वैनगंगेकाठच्या वस्त्यांमध्ये काम करते. पेन्शन, घरकुल, शिष्यवृत्ती, हेच रोजचं काम. मागे एका विधवा मावशीनं माझ्यासमोर एका योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मशीन म्हणालं, "अर्ज क्रमांक सांगा." मावशी म्हणाली, "दोन महिने झाले, पैसेच नाही आले जी." मशीन म्हणालं, "क्षमस्व, समजलं नाही." तिसऱ्या वेळी फोन कटला. मावशीचं बोलणं अगदी सरळ होतं. फक्त ते मशीनच्या क्रमात बसत नव्हतं.

असं मशीन बनवताना प्रत्येक वळणावर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. प्रश्न मशीननं विचारायचे की माणसाला मोकळं बोलू द्यायचं? ऐकलेलं पुन्हा विचारून पक्कं करायचं की पुढे जायचं? हे मशीनला बक्षिसातून शिकवता येतं. संशोधनातला एक रूढ हिशेब असा: काम झालं तर 20 गुण, आणि प्रत्येक प्रश्नोत्तरामागे 1 गुण वजा. आता विचार करा. झाडीबोलीत 'डोळा'चा 'डोरा' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं. अशा बोलीतला माणूस समजून घ्यायला चार प्रश्न जास्त लागतात. म्हणजे या हिशेबात तो माणूसच तोटा ठरतो. काम होण्याची शक्यता कमी दिसली, तर लवकर फोन ठेवणं मशीनला फायद्याचं पडतं.

अमेरिकेतल्या 'एनजेफन' या प्रणालीचा प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा शिकण्यानं काम पूर्ण होण्याचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर गेलं. प्रगती खरीच. पण माझ्यातली समाजशास्त्राची विद्यार्थिनी विचारते, उरलेले 36 कोण? सरासरी हे सांगत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता: मताला समान मूल्य, पण समाजात आणि अर्थव्यवस्थेत माणसाला नाही. हेल्पलाइनच्या आकडेवारीतही प्रत्येक फोन एकच मोजला जातो. पण एकाचा फोन कटला तर त्याचा वेळ जातो, दुसरीचा कटला तर तिची एक दिवसाची मजुरी आणि तहसीलची एक फेरी.

कोणी म्हणेल, आपल्या बोलीचे आवाज गोळा करा, प्रश्न मिटेल. ते करायलाच हवं. बाजारभाव फोनवर सांगणाऱ्या मराठी प्रणालीसाठी आयआयटी मुंबई आणि टीआयएफआरच्या संशोधकांनी शेतकऱ्यांचे आवाज जमवले, ते मोलाचं काम आहे. पण कान सुधारला म्हणजे नियत सुधारली असं होत नाही. शिवाय मशीनला कामं कोणती दिली हाही प्रश्न आहे. 2023 मध्ये आलेला 'किसान ई-मित्र' पीएम-किसानच्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी सुरू झाला. ती योजना जमीनधारकांची. दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणाऱ्या भूमिहीन बाईचं काम त्या यादीत नव्हतंच.

म्हणून मित्रांनो, आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. एक, काम पूर्ण झाल्याचे आकडे तालुका, बोली आणि स्त्री-पुरुष असे वेगळे जाहीर करा, आणि सर्वात मागे राहिलेल्या गटाच्या आकड्यावरून मशीनची पारख करा. दोन, कटलेला फोन अपयश म्हणूनच मोजा. तीन, दोनदा समजलं नाही तर फोन माणसाकडे गेलाच पाहिजे. चार, गुण ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपली माणसं बसली पाहिजेत.

बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढला, कारण ज्यांना बोलायचं होतं त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या पोरांनी नोकरीसाठी जरूर शिकावं. पण गुणांचा तो तक्ता समोर आला, की तो कुणी लिहिला हे आधी विचारावं.

जय भीम!