खुर्चीपासून मंचापर्यंत

मला पुरस्कार सोहळे बघायची खोड आहे. ऑस्कर, एमी, फिल्मफेअर, राष्ट्रीय, मराठी वाहिन्यांचे घरगुती, काहीही चालतं. कोण जिंकलं आणि कोणावर अन्याय झाला यावर भांडायला मी तयार असतेच, पण त्यासाठी काही मी बघत नाही. मी बघते ते चालणं. नाव पुकारल्यापासून मंचाची पायरी येईपर्यंतची पंधरावीस पावलं. त्या तेवढ्या वेळात माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. पुरुष जाकिटाचं बटण लावतात, जे खाली बसताना त्यांनीच काढलेलं असतं. बायका झगा उचलतात किंवा पदर सारखा करतात. शेजारच्याला मिठी मारायची की नुसता हात दाबायचा हे ठरेपर्यंत अर्धी मिठी होऊन गेलेली असते. वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर चाललेली ही माणसं, पण इथे त्यांची चाल बिघडते. मला ती बिघडलेली चाल आवडते.

आई म्हणते, "तुला त्यात काय दिसतं देव जाणे."

आईचं पुरस्कारांचं जग वेगळं. तिला मराठी वाहिन्यांचे वार्षिक सोहळे लागतात. तिथे वाहिनी आपल्याच मालिकांना बक्षिसं देते, म्हणजे लग्नघरात यजमानांनी आपल्याच पोरांना आहेर करावा तसं. रिकाम्या हातानं कोणी जायचं नाही हा दंडक. आणि विभाग काय एकेक! सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट कुटुंब. मी हसायचे. आता हसत नाही. लोक मालिकेत अभिनय बघत नाहीत, नाती बघतात, हे त्या वाहिन्यांना समीक्षकांच्या आधी कळलं. आई तर मत देताना भूमिकेचंच नाव घेते, नटीचं तिला ठाऊकही नसतं. गेल्या खेपेला तिनं फोनवरून एका छळवादी सासूला मत दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "खरी वाटते मेली. तुझ्या आजीला दरवर्षी मिळालं असतं."

मात्र चालणं बघायला हे सोहळे निरुपयोगी. सगळं आधी बसवलेलं. नाव पुकारलं की गाणं वाजतं, सासू-सून गळ्यात गळे घालून नाचत वर जातात. कोणाचाच पाय अडखळत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात मात्र आठ दिवसांच्या अंतरानं दोन चालणी बघायला मिळाली. दोन्ही मुलांची.

पहिलं लॉस एंजेलिसचं. आपल्याकडे १५ तारखेची पहाट, साडेपाचचा सुमार, गॅसवर चहा. एमी पुरस्कारांत 'अडोलेसन्स' या ब्रिटिश मालिकेसाठी ओवेन कूपरचं नाव पुकारलं गेलं. वय १५. अभिनयाचा एमी मिळवणारा हा सगळ्यांत लहान मुलगा. मालिका चारच भागांची, आणि प्रत्येक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता एका दमात चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या जेमीवर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. तिसऱ्या भागात एका खोलीत तो आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई, दोघंच. बाई त्याच्यासाठी अर्धं सँडविच आणते. मुलगा गोड बोलतो, मग अचानक अंगावर ओरडतो, मग पुन्हा गोड. मध्येच तो जांभई देतो. ती जांभई संहितेत नव्हती, त्या मुलाला खरीच आली होती. समोरच्या एरिन डोहर्टीनं ती तशीच झेलली, कंटाळा आला का माझा, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, आणि मुलगा ओशाळून हसला. शूटिंगला सुरुवातच या भागापासून झाली होती, आणि त्याआधी हा मुलगा कधी कॅमेऱ्यासमोर उभाही राहिलेला नव्हता. मला विचाराल तर ते एमी त्या जांभईचं आहे. आणि तिचं अर्धं श्रेय डोहर्टीबाईंचं. त्यांनाही त्याच रात्री मिळालं, हे बरं झालं.

तो चालत गेला तो नव्या बुटात चालतात तसा. वर जाऊन नीट बोलला, जरा पाठ केल्यासारखं. त्या रात्री सूत्रसंचालक नेट बारगात्झीनं एक गंमत केली होती. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला १ लाख डॉलर देणार, पण आभाराचं भाषण ४५ सेकंदांपुढे गेलं की दर सेकंदाला हजार डॉलर कापणार. जिंकलेले बिचारे आईबापांची नावं घेता घेता पडद्यावरचा घसरता आकडा बघत होते. शेवटी रक्कम शून्याच्याही खाली गेली. अर्थात देणगी दिली गेली, जाहीर केली त्याहून जास्तच. पण पुरस्कार घेताना माणसानं घड्याळाकडे बघावं हे काही मला रुचलं नाही.

दिल्लीत तो प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय पुरस्कारात भाषण नसतं. नाव, चार ओळींची प्रशस्ती, राष्ट्रपतींच्या हातून पदक, फोटो, पुढचा. बोलतात ते एकटे फाळके पुरस्काराचे मानकरी, आणि त्या वर्षी ते मोहनलाल होते. बाकीच्यांनी जे बोलायचं ते पायांनीच बोलायचं. म्हणून मला दिल्ली सगळ्यांत आवडते.

२३ सप्टेंबरला विज्ञान भवनात शाहरुख खान होता. ३३ वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिलं राष्ट्रीय पारितोषिक, तेही 'जवान'साठी, विक्रांत मॅसीबरोबर विभागून. पुरस्कार 'जवान'ला मिळाला, पण मी टाळ्या वाजवल्या त्या 'स्वदेस'ला. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जे त्यानं केलं त्याचे पैसे २१ वर्षांनी वसूल झाले, व्याज बुडालं. पण त्या दिवशी सभागृहाचा जीव वेगळ्याच नावावर जडला. 'नाळ भाग २'मधली चिमी, त्रिशा ठोसर, नाव पुकारल्यावर उठली. एवढीशी मुलगी, पांढुरकी साडी नेसलेली. टाळ्यांचा सूर बदलला. तोवर त्या सन्मानाच्या टाळ्या होत्या, आता घरातल्या झाल्या. साडीत चालायचं म्हणजे पावलाचा हिशेब ठेवावा लागतो, हे साडी नेसणारीलाच कळतं. बायकांच्या साड्या पायात येतात त्या मोठेपणीही. ती मात्र जशी काही रोज राष्ट्रपती भवनाला दूध घालायला जाते अशी गेली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "निऱ्या कोणी काढल्यात गं? सुरेख काढल्यात."

ऑस्करवाल्यांनी एके काळी लहान मुलांसाठी अर्ध्या उंचीची बाहुली ठेवली होती. पहिली मिळाली शर्ली टेंपलला, १९३५ साली. दिल्लीत मुलांना वेगळं, छोटं असं काही नाही. मोठ्यांच्या गळ्यात जे रजत कमळ, तेच चिमीच्या.

त्या वर्षी उत्कृष्ट बालकलाकाराचं पारितोषिक पाच मुलांत विभागलं गेलं, त्यांतली चार मराठी चित्रपटांतली. 'नाळ भाग २'मधली त्रिशा, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, 'जिप्सी'मधला कबीर खंदारे. पाचवी सुकृती वेणी, तेलुगू चित्रपटातली. यातल्या श्रीनिवासचं हे दुसरं. पहिल्या 'नाळ'मधल्या चैत्यासाठीही त्याला मिळालं होतं. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर जो मुलगा आईकडे बघायची नजरच बदलतो, तो चैत्या. विदर्भातल्या मातीची ही गोष्ट दिग्दर्शित केली ती आंध्रातून आलेल्या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी, ज्यांच्या कॅमेऱ्यातून आपण 'सैराट' बघितला. आपल्या घरातलं कधी कधी शेजारच्याला आधी दिसतं.

पण मराठी चित्रपट मुलांपाशीच का जातो? 'श्वास'मधला अश्विन चितळे, 'फँड्री'मधला सोमनाथ अवघडे, दोघांनाही राष्ट्रीय. एक उत्तर व्यवहाराचं आहे. आपल्याकडे तारे परवडत नाहीत, पोरं परवडतात. पण माझी खरी शंका साने गुरुजींवर आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहिताना त्यांनी मुलाच्या उंचीवरून आईकडे बघायची सवय आपल्याला लावून दिली, ती काही सुटली नाही. देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' या चित्रपटाला मिळालं. तेव्हा बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला नुसतं प्रशस्तिपत्रक देऊन बोळवलं गेलं. हे मराठी माणसानं लिहू नये, पण मी त्या समितीत असते तर माझं मत बलराज साहनींच्या हातरिक्षाला गेलं असतं. आणि आता २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट कुठला? पुन्हा 'श्यामची आई', सुजय डहाकेंचा, तोही कृष्णधवल. ७१ वर्षांनी तीच आई त्याच दिल्लीत जाऊन आली.

आईवरून आठवलं. २०२४च्या मे महिन्यात छाया कदम कानला गेल्या, तेव्हा एके दिवशी दिवंगत आईची साडी नेसून, तिचीच नथ घालून मिरवल्या. पायल कापडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला तिथला ग्रां प्री मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचायलाच ३० वर्षं लागली होती. त्यात छायाताई मुंबईतल्या इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या पार्वती झाल्यात. कागदपत्रं नाहीत म्हणून गिरणगावातलं घर सोडायची पाळी आलेली, शेवटी सामान बांधून रत्नागिरीकडे निघालेली बाई. जाण्याआधी बिल्डरच्या फलकावर ती रात्री दगड भिरकावते, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं. अशी बाई मी पाहिलेली आहे, फक्त तिनं दगड मारला नाही. पुढे ऑस्करला भारतातर्फे हा पाठवावा की 'लापता लेडीज' यावर वाद झाला, आणि पाठवला 'लापता लेडीज'. मी कापडियांच्या बाजूनं भांडले. भांडता भांडता लक्षात आलं, 'लापता लेडीज'मधल्या मंजूमाईही छायाताईच आहेत. दोन्हीकडून त्याच. मग गप्प बसले.

आता माझंच सांगते. सहावीत शाळेच्या स्नेहसंमेलनात एका नाटुकल्यात मी दवंडीवाला झाले होते. दोन वाक्यं आणि एक डफ. उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं. बाईंनी माझं नाव पुकारलं, पण आडनाव दुसऱ्याच मुलीचं, 'क' तुकडीतलं. मी उठले आणि अर्धवट उभी राहिले. ती मुलगी तोवर मंचावर पोचलीही होती. तिनं ताटली घेतली, वाकून नमस्कार केला, टाळ्या घेतल्या. दोष तिचा नव्हताच, तिला पुकारलं, ती गेली. सोमवारी शिपाईमामांनी ती ताटली मला वर्गात आणून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. २०१७च्या ऑस्करमध्ये चुकीचं पाकीट हातात पडलं आणि 'ला ला लँड'ची मंडळी मंचावर आभार मानत असताना 'मूनलाइट'चं नाव निघालं, तेव्हा सगळं जग 'मूनलाइट'वाल्यांसाठी हळहळलं. मी बघत होते ते 'ला ला लँड'वाले खाली कसे उतरतात ते.

ताटली अजून आहे. दुधाच्या पातेल्यावर असते. खरवडून खरवडून नावातलं पहिलं अक्षर तेवढं उरलंय.

यंदाच्या कोजागिरीला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गच्चीवर मसाला दूध होतं, आणि नवरात्रातल्या उपवासाच्या पदार्थांच्या स्पर्धेचं बक्षीस वाटप. आईनं शिंगाड्याच्या पिठाची थालीपीठं दिली होती. पहिला नंबर वऱ्याच्या तांदळाच्या इडल्यांना गेला. "इडल्या!" आई माझ्या कानात म्हणाली. "उपवासाला इडल्या! परीक्षकांच्या जिभा काय गहाण पडल्यात?" दुसरा गेला रताळ्याच्या कसल्याशा बर्फीला. तिसराही हुकला. मग उत्तेजनार्थ म्हणून आईचं नाव आलं, आडनावासकट, बरोबर.

आई उठेना. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू जा. माझ्यानं आत्ता उठवत नाही."

मी गेले. सतरंजीच्या कडेनं, लोकांच्या चपला ओलांडत, दुधाचे पेले चुकवत. ओढणी उगाचच दोनदा सारखी केली. अध्यक्षांच्या हातून स्टीलचा डबा घेतला, कोणीतरी फोटो काढला आणि मी परत आले. डबा आईच्या मांडीवर ठेवला. तिनं झाकण उघडून आत बघितलं, बोटानं कडा तपासली, झाकण लावलं.

"भराभर काय चाललीस?" ती म्हणाली. "जरा हळू जायचं."