गोळीचा आवाज घुमत नाही

‘बिली द किड’ या बॅलेच्या संगीताचा सराव सुरू झाला की तालवाद्यांच्या रांगेतले आम्ही सगळे आधी ‘गन बॅटल’चं पान काढतो. साहजिकच आहे. एरवी बारमागून बार मोजत गप्प उभं राहायचं, आणि इथे सगळा गोळीबारच आमच्या हाती. बेस ड्रम, स्नेअर, टिंपनी. नवा वादक इथे हमखास सगळा जोर काढतो. मला तो आवाज कोरडा हवा असतो. ड्रमच्या एका कातड्याला गुडघा टेकवते, दुसऱ्यावर डावा तळवा ठेवते, कडक टोकाचं मॅलेट घेते आणि ठोका पडताक्षणी तळवा दाबते. आवाज उठला तिथेच तुटला पाहिजे. दोन ठोक्यांमधली मोकळी जागा तर त्याहून जपावी लागते, कारण पुढची गोळी कुठून येणार ही धास्ती तिथेच असते.

ॲरन कोपलंडने हे संगीत १९३८ मध्ये लिंकन कर्स्टीनच्या ‘बॅले कॅरॅव्हान’ या नृत्यसंस्थेसाठी लिहिलं. ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा माणूस. काउबॉय गाण्यांची पुस्तकं सोबत नेऊन त्याने बराचसा भाग पॅरिसमध्ये रचला. त्या गाण्यांचं त्याने कौतुक केलं नाही, त्यांची मोडतोड केली: मात्रा हलवल्या, ओळी मध्येच कापल्या. मेक्सिकन नाच तर पाचाच्या मापात आहे. पाय सारखा अडखळतो आणि तरी नाच थांबत नाही.

ज्या बंदूकबाज गुन्हेगारावर हा बॅले आहे, तो खरा बिली १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला मेला. गोळी शेरीफ पॅट गॅरेटची. वय एकवीस. त्याने वयाइतकेच खून केले ही दंतकथा. इतिहासकार तो आकडा बराच खाली आणतात. त्याची आई १८७४ मध्ये क्षयाने गेली होती, बॅलेत मात्र ती रस्त्यात भरकटलेल्या गोळीने मरते. नृत्यकार यूजीन लोरिंगने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती फार मोठी वाटते: बिलीच्या हातून मरणारा प्रत्येक माणूस एकच नर्तक साकारतो. मारलेला माणूस पुन्हा समोर उभा राहतो, हे ज्याला कळलं त्याला गोळीबार जोरात वाजवावासा वाटणार नाही.

पण या रचनेतली सगळ्यात भयंकर जागा गोळीबारात नाहीच. बिली पकडला जातो आणि गाव आनंदाने नाचू लागतं, ती जागा. वर साधी, खुशीची चाल. खाली बँडबाजाचा ठेका, पण तिच्यापासून अर्ध्या सुराने सरकलेला. हा खटका ठसवून दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळावा. गावाच्या बँडने वाजवावं तसं, मनापासून वाजवावं. आपण बेसूर आहोत हे त्या गावाला ठाऊकच नाही. वादकांनी ते दाखवायला घेतलं की गाव निर्बुद्ध ठरतं आणि ऐकणारा सुटतो.

मैफलीत बहुधा बॅलेतून निवडलेल्या भागांची वीसेक मिनिटांची सूटच वाजते. बिली आणि त्याच्या प्रेयसीचा वॉल्ट्झ तिच्यात नाही. ध्वनिमुद्रण शोधणार असाल तर पूर्ण बॅलेचं शोधा.