पटावरचं नाव आणि सर्व्हरवरचं नाव



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण तो शेवटी हजेरीपटाकडे जातो. म्हणून संगणक न वापरणाऱ्यांनीही वाचावा ही विनंती. मी प्राथमिक शिक्षिका आहे, डी.एड. झालेली. संगणकाची मोठी पदवी माझ्याकडे नाही. गेल्या वर्षभरात शाळेतला एक छोटा सर्व्हर हाताखालून गेला, त्यातून जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आमच्याकडे काय आहे?

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. एका कंपनीने वापरून झालेले आठ संगणक शाळेला दिले. कंपन्या जुने संगणक देताना आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून बहुतेक वेळा हार्ड डिस्क काढून घेतात. आमचेही तसेच आले. डोकं आहे, पण दप्तर नाही!

माझ्या पहिल्या वर्गातला एक मुलगा आता पुण्यात सर्व्हरचं काम करतो. त्याने रस्ता सुचवला. आठही यंत्रं पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालू करायची आणि मुलांचं काम मात्र कोपऱ्यातल्या एका नवव्या संगणकात ठेवायचं. त्यात मोठ्या डिस्क बसवल्या, त्यांचे आठ तुकडे केले आणि प्रत्येक यंत्राला नेटवर्कच्या वायरीतून एक तुकडा दिला. यंत्राला तो तुकडा स्वतःचीच डिस्क वाटतो. या पद्धतीला आयस्कझी म्हणतात. तिचा नियम 2004 साली प्रसिद्ध झाला. जो डिस्क देतो तो टार्गेट, जो मागतो तो इनिशिएटर. आपण देणारा आणि मागणारा म्हणू.

आठ यंत्रांना मुलांनी नद्यांची नावं दिली : गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा, कुंडलिका, वाण, सीना, भीमा. नकाशाचा पाठ तिथेच झाला.

नाव सांगणारा सर्व्हर

मागणाऱ्याला कसं कळणार की आपली डिस्क कुठे आहे? एक मार्ग म्हणजे प्रत्येक यंत्रात हाताने पत्ता लिहून ठेवायचा. आठ यंत्रांना ते जमतंही. पण उद्या डिस्कचं यंत्र बदललं की आठ ठिकाणी खाडाखोड. दुसरा मार्ग नाव-सर्व्हरचा. त्याला आयएसएनएस म्हणतात, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीची नावं सांभाळणारी सेवा. तिचा नियम आरएफसी 4171 या क्रमांकाने सप्टेंबर 2005 मध्ये आला.

हा सर्व्हर स्वतः काही साठवून देत नाही. तो शाळेच्या कार्यालयासारखा आहे. बाहेरगावचे पाहुणे येतात, विचारतात, ‘चौथीचा वर्ग कुठे?’ कार्यालय सांगतं, ‘उजवीकडची तिसरी खोली.’ पुढे पाहुणे स्वतः चालत जातात. तसंच इथे. मागणारा 3205 क्रमांकाच्या दारावर येऊन नाव-सर्व्हरला विचारतो, उत्तर घेतो आणि मग देणाऱ्याच्या 3260 क्रमांकाच्या दारावर थेट जातो. मुलांची चित्रं आणि गोष्टी नाव-सर्व्हरमधून जात नाहीत. त्याच्याकडे फक्त नोंदवही.

नाव कसं ठेवतात?

आपल्या वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की आपण वडिलांचं नाव बघतो, तेही सारखं निघालं तर जन्मतारीख. इथेही तीच युक्ती आहे. प्रत्येक देणाऱ्याला आणि मागणाऱ्याला एक पूर्ण नाव असतं, त्याला आयक्यूएन म्हणतात. त्यात आधी ‘आयक्यूएन’ ही अक्षरं, मग वर्ष आणि महिना, मग संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता उलट्या क्रमाने, आणि शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं देऊन आपण ठेवलेलं नाव. लांबी जास्तीत जास्त 223 बाइट.

वर्ष-महिना कशाला? इंटरनेटवरचा पत्ता आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा होऊ शकतो. नाव देणाऱ्याकडे तो पत्ता कोणत्या काळी होता हे नावातच लिहिलं, की जुन्या-नव्या नावांची गल्लत होत नाही. मुलांना हे फार आवडलं. ‘म्हणजे बाई, डिस्कलापण जन्मदाखला असतो!’ असं एकजण म्हणाला.

काळ्या पडद्यावरचं काम

या सर्व्हरला आम्ही माऊसने हाताळत नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि कीबोर्ड. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं. हुकूम इंग्रजी अक्षरांतच टाइप होतो, इथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहिते. मुख्य हुकूम ‘आयएसएनएसअ‍ॅडम’. त्याच्यापुढे काय करायचं ते लिहायचं. ‘लिस्ट’ लिहून ‘नोड्स’ म्हटलं की नोंदलेल्या सगळ्या नावांची यादी येते. ‘क्वेरी’ म्हणजे एखाद्याची चौकशी. ‘रजिस्टर’ म्हणजे नाव दाखल करणं. ‘डीरजिस्टर’ म्हणजे नाव कमी करणं.

सुरुवातीला मी फोन कानाला लावून टाइप करायची. तो म्हणायचा, ‘बाई, एंटर मारायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा.’ मी त्याला दुसरीत हेच सांगत असे, ‘आधी वाच, मग लिही!’ काळ्या पडद्याचा एक गुण मला शिक्षिका म्हणून पटला. तो तुम्हाला नेमकं बोलायला लावतो. ‘ते तिकडचं जरा बघ’ असं त्याला चालत नाही. कोणाचं नाव, काय करायचं, कुठे करायचं, सगळं स्पष्ट सांगावं लागतं. आणि दिलेले हुकूम वहीत उतरवून ठेवता येतात. आमच्या कपाटात तशी एक दोनशे पानी वही आहे. उद्या माझी बदली झाली तर पुढच्या शिक्षकांना तीच उपयोगी पडेल.

गट पाडणं का गरजेचं?

आता महत्त्वाची गोष्ट. आठ यंत्रांना आठही डिस्क दिसल्या तर काय होईल? गोदावरीवरच्या मुलाने सिंदफणाची डिस्क जोडली तर? आमच्या डिस्कवरची मांडणी एका वेळी एकाच यंत्राने लिहावं अशी आहे. दोन यंत्रं एकाच डिस्कवर लिहू लागली, तर प्रत्येकाला वाटतं की ही वही फक्त माझी. एक पान भरतो, दुसरा त्याच पानावर लिहितो, आणि शेवटी दोघांचंही वाचता येत नाही. मुलांचं महिन्याभराचं काम असं मातीत जाऊ शकतं.

म्हणून नाव-सर्व्हरमध्ये गट पाडतात, त्यांना डिस्कव्हरी डोमेन म्हणतात. एका गटात गोदावरी यंत्र आणि गोदावरीची डिस्क, दुसऱ्या गटात सिंदफणा आणि तिची डिस्क. गोदावरीने विचारलं की सर्व्हर तिला तिच्याच गटातली नावं सांगतो. बाकीच्यांबद्दल तो बोलतच नाही. गटात कोणी नवीन आलं किंवा गेलं तर गटातल्या ज्यांनी तशी सूचना मागून ठेवली आहे त्यांना तो कळवतो.

नाव लपवणं म्हणजे कुलूप नव्हे

पुढे मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या संगणकालाही एक डिस्क दिली. तिच्यावर मुलांची माहिती आहे : जात, आधार क्रमांक, आजार, घरची परिस्थिती. ती वेगळ्या गटात टाकली. मुलांच्या यंत्रांना ती दिसत नाही. मी म्हटलं, ‘झालं मग!’ तो लगेच म्हणाला, ‘नाही बाई. कार्यालयाने खोली सांगितली नाही म्हणून खोलीला कुलूप लागत नाही. ज्याला खोली माहीत आहे तो सरळ जाईल.’

खरंच आहे. नाव-सर्व्हर फक्त सांगतो किंवा सांगत नाही. अडवायचं काम देणाऱ्याने करायचं असतं. त्यासाठी डिस्कच्या बाजूला कोणत्या नावाच्या यंत्राला आत घ्यायचं ते ठरवावं लागतं, आणि वर चॅप नावाची सांकेतिक शब्दाची तपासणी लावावी लागते. दोन्ही केलं. शाळेत माहिती संगणकावर ठेवणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे : ‘मुलांना दिसत नाही’ यावर थांबू नका, ‘मुलांना उघडता येत नाही’ इथपर्यंत जा. एखाद्या लेकराच्या घरची गोष्ट वर्गभर झाली तर ती परत झाकता येत नाही.

सर्व्हरची हजेरी

नाव-सर्व्हर हजेरीही घेतो. ठरावीक वेळाने तो नोंदलेल्या यंत्राला विचारतो, ‘आहेस का?’ यंत्र उत्तर देतं, ‘आहे.’ आपण ठरवून दिलेल्या संख्येइतक्या वेळा लागोपाठ उत्तर आलं नाही, तर तो त्या यंत्राची नोंद काढून टाकतो. न सांगता गेलेल्याचा पत्ता लोकांना देत राहणं बरोबर नाही, म्हणून ही पद्धत.

दिवाळीनंतर आमच्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. कोयता घेतलेलं जोडपं साखर कारखान्याच्या हद्दीत जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. गावात हंगामी वसतिगृह असलं किंवा घरी आजी असली तर लेकरू मागे राहतं, नाहीतर ट्रकमधून सोबत जातं. वाण या यंत्रावर बसणाऱ्या तिघीजणी यंदा अशाच गेल्या. ते यंत्र बंद राहिलं. एके दिवशी मी मुलांना यादी दाखवत होते, तर वाणचं नाव नव्हतं. चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, त्यांचं नाव कटलं का?’

ती यंत्राबद्दल विचारत नव्हती. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा अशीच सुटलेली आहे, हे मला माहीत होतं.

मी तिला पुढे बोलावलं आणि गटांची यादी मागवणारा हुकूम तिच्याच हाताने टाइप करायला लावला. पडद्यावर वाणचा गट जागेवर होता आणि त्या गटात वाणचं नावही होतं. आमच्या सर्व्हरची पद्धत अशी आहे की हजर यंत्रांच्या यादीतून नाव गेलं तरी गटातलं सदस्यत्व तो जपून ठेवतो. यंत्र परत चालू झालं, त्याने नाव नोंदवलं, की त्याला आपला गट आणि आपली डिस्क पुन्हा सापडते. कोणाला नव्याने अर्ज करावा लागत नाही. डिस्कवरची तिघींची चित्रं तर हललीसुद्धा नव्हती.

हजर नसणं आणि नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका यंत्राला हा फरक कळतो, तर आपल्याला कळायलाच हवा. कायदाही हेच सांगतो. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश घेतलेल्या मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. हजेरीपटावर गैरहजेरी मांडू, ती मांडायलाच हवी, नाहीतर मूल कुठे आहे हे कोणी शोधणार नाही. पण गैरहजेरी म्हणजे ‘शोधा’ अशी सूचना आहे, ‘खोडा’ अशी नाही.

वर्गात घेता येईल असा खेळ

तिसरी-चौथीला संगणकाशिवाय हा पाठ घेता येतो. वेळ एक तासिका.

1. एक मूल नाव-सर्व्हर. त्याच्याकडे वही. चार मुलं देणारी, त्यांच्याजवळ रंगीत खडू. चार मुलं मागणारी, त्यांच्याजवळ कोरा कागद.
2. पहिली फेरी : प्रत्येकाने वहीत पूर्ण नाव नोंदवायचं. ज्याने नोंदवलं नाही, त्याच्याबद्दल सर्व्हर काही सांगणार नाही.
3. दुसरी फेरी : रंगांच्या चिठ्ठ्यांनी गट पाडा. मागणाऱ्याला फक्त स्वतःच्या गटातल्या देणाऱ्याचं नाव कळेल.
4. तिसरी फेरी : सर्व्हर ‘आहेस का?’ विचारत जाईल. दोन मुलांना गुपचूप बाहेर पाठवा. तीनदा उत्तर आलं नाही की वहीतल्या हजर यादीतून नाव काढायचं, पण गटाची चिठ्ठी फळ्यावर तशीच ठेवायची.
5. चौथी फेरी : बाहेरची मुलं परत येतात. त्यांना जागा किती लवकर मिळाली ते मोजा. मग चिठ्ठी काढून टाकून हीच फेरी पुन्हा घ्या आणि तुलना करा.

शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारा : चिठ्ठी नसताना परत आलेल्याला कसं वाटलं? उत्तरं ऐका, लगेच समजावून सांगायला जाऊ नका.

पालकांसाठी दोन शब्द

आई-वडिलांनो, कामासाठी गाव सोडणार असाल तर निघण्याआधी शाळेत एक चक्कर मारा. कुठे जाताय, मूल सोबत नेताय की मागे ठेवताय, एवढं सांगा. शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवून तुमचं मूल कारखान्याजवळच्या शाळेत बसू शकतं. ते हरवलं, दाखला नसला, तरी शाळेच्या दारात जा. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. आणि परत आलात की दुसऱ्याच दिवशी लेकराला पाठवा. ‘इतके दिवस कुठं होतीस?’ असं रागाने कोणी विचारणार नाही, ही जबाबदारी आमची.

वाणच्या तिघींपैकी दोघी सध्या कारखान्याजवळच्या शाळेत बसतात, असं फोनवर कळलं. तिसरीचा फोन लागत नाही. मी दर शनिवारी लावते.