मावशीच्या पदराआड

पाहुणा आला की त्यास मकबऱ्यावर नेणे हे आम्हां संभाजीनगरकरांचे एक व्रतच होय. गेल्या माघात असेच गेलो असता वाटाड्याने नेहमीची कथा सांगितली : आझमशहाने आपल्या आईसाठी ही वास्तू बांधविली. दिलरस बानू बेगम वारली १६५७ साली. आझम तेव्हा चार वर्षांचा, धाकटा अकबर तर जेमतेम महिन्याचा. मकबरा पुरा झाला १६६१ च्या सुमारास. तेव्हा सातआठ वर्षांच्या पोराने तो बांधविला हे काही तारखांत बसत नाही, आणि इतिहासज्ञ ते श्रेय औरंगजेबासच देतात. तरी लोकांना ती कथा सोडवत नाही, आम्हांलाही नाही.

आम्ही चार वर्षांचे असता आमच्या आईस क्षय जडला, आणि आमची रवानगी पैठणास मावशीकडे झाली. 'आई उद्या येईल,' असे मावशी रोज सांगे. आठ महिन्यांनी आई खरोखरीच आली, तेव्हा आम्ही मावशीच्या पदराआड दडलो. 'लेकराने आईला ओळखलेच नाही!' ही गोष्ट पुढे घरात विनोद म्हणून सांगत, व आम्हीही हसत असू.

जेम्स रॉबर्टसन याने इंग्लंडातील रुग्णालयांत आईपासून दुरावलेली मुले पाहिली. मूल आधी आक्रोश करते, मग खचते, शेवटी 'शहाणे' होते. आणि आई आली की तोंड फिरविते. त्याचा सहकारी जॉन बोल्बी याचीही लाडकी आया तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास घर सोडून गेली होती. हे वाचले आणि ध्यानी आले : आम्ही आईला ओळखले होते.

सौभाग्यवतींची जालन्याहून येणारी बस चुकली की आमचा दोन दिवस अबोला, असा तीस वर्षांचा संसार. अखेर तिनेच आम्हांस समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे नेले. त्या उपदेश करतील अशी आमची धास्ती होती. त्यांनी तो केला नाही. दर गुरुवारी ठरल्या वेळी त्या तेथे असत, इतकेच. एकदा आगाऊ सांगून त्या पंधरा दिवस परगावी गेल्या. परतल्यावर आमच्या तोंडून शब्द निघेना. त्या हळूच म्हणाल्या, "पदराआड गेलात का?" आम्हांला प्रथम संताप आला, आणि मग तास संपेपर्यंत आम्ही रडलो.

अबोल्याची खोड अजून पुरती गेलेली नाही. परवा बस दोन तास उशिरा आली. दार उघडून आम्ही म्हणालो, "मला भीती वाटली." तिने पिशवी आमच्या हाती दिली. "कळलं," ती म्हणाली, "आधी पाणी तर द्या."