गुडघा जमिनीला टेकत नाही म्हणून

बद्धकोणासनात गुडघे जमिनीला टेकलेच पाहिजेत, असा नियम कोणी केला हे माझ्या धाकट्या बहिणीला कधी कळलं नाही. त्या नियमापायी तिनं काय भोगलं हे मात्र आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि मला त्याचा राग अजून येतो.

बँकेतली नोकरी, दिवसभर खुर्ची, चाळिशी जवळ आलेली. म्हणून ती घराजवळच्या योगवर्गाला जाऊ लागली. तिला तिथं आवडायचं. पाठ मोकळी झाली, झोप सुधारली. वर्गातल्या बहुतेकींचे गुडघे महिन्या-दोन महिन्यांत खाली गेले. हिचे मात्र तळपाय जुळवून बसल्यावर चांगले वीतभर वर राहायचे, डावा जरा जास्तच. सरांना ते खटकायचं.

एका सकाळी ते तिच्या मागे येऊन बसले. दोन्ही तळहात तिच्या मांड्यांवर, गुडघ्यांच्या किंचित अलीकडे ठेवले आणि म्हणाले, ‘श्वास सोडा.’ श्वास सोडला की स्नायू थोडे ढिले पडतात. तेवढ्यात ते दर श्वासाला भार वाढवत गेले. मांडीच्या आतल्या बाजूनं ओढ बसत होती तोवर तिला काही वाटलं नाही, ती ओढ रोजची होती. मग दुखायची जागा बदलली. जांघेत, पुढच्या बाजूला, खूप आत काहीतरी चिमटल्यासारखं झालं. ‘सर, पुढे दुखतंय,’ ती म्हणाली. ‘दुखणारच. सांधा उघडतोय. लिगामेंट सैल झाल्याशिवाय गुडघा खाली कसा जाईल?’ समोरच्या बायका बघत होत्या. तिनं दात आवळले. त्यांनी आणखी एकदा भार टाकला आणि आत कट्‌कन आवाज झाला. तो शेजारणीलाही ऐकू गेला.

‘छान! झालं मोकळं,’ सर म्हणाले.

त्या दिवशी घरी येताना तिला रिक्षातून उतरता येईना. पुढचे कित्येक आठवडे जिना, पाटावर बसणं, कुशीवर वळणं, सगळ्यात तीच कळ. हे सांगायला ती वर्गात गेली तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की मनातली भीती सांध्यात साठते आणि हिनं ती सोडली नाही, म्हणून दुखतंय. दुखापत झाली ती झाली. पण दुखणाऱ्या माणसावर दुखण्याचा दोष ठेवायचा, त्याच्या हाडामांसाच्या गोष्टीला स्वभावाचा दोष म्हणायचं, हे मला त्या आवाजापेक्षाही वाईट वाटतं. ती पुढे कितीतरी दिवस आम्हाला विचारायची, ‘ताई, मी खरंच घाबरट आहे का गं?’ वीस वर्षं लोकलच्या गर्दीत उभं राहून नोकरी केलेली बाई हे विचारत होती.

निदान झालं. सांध्यात डाय सोडून एमआरआय काढला. खुब्याच्या उखळीच्या कडेला कूर्चेचं एक कडं असतं, लॅब्रम म्हणतात त्याला. ते पुढच्या बाजूला फाटलं होतं. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी आधी व्यायाम करून बघू म्हटलं. तिनं दुसरं निवडलं, आणि त्या निमित्तानं एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्यांच्या टेबलावर खुब्याचा सांगाडा होता. मांडीच्या हाडाचा गोल माथा, कमरेच्या हाडातली खोल उखळ, आणि दोन्ही जोडणाऱ्या रबरी पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे अस्थिबंध, आपण सर्रास लिगामेंट म्हणतो ते. पुढे इलिओफेमोरल, आतून-खालून प्युबोफेमोरल, मागे इश्चिओफेमोरल. पहिला शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध समजला जातो. बाईंनी सांगाड्याची मांडी मागे नेली तशा तिन्ही पट्ट्या माथ्याभोवती आवळल्या, ओला पंचा पिळताना आवळतो तशा. मांडी पोटाकडे दुमडली तसा पीळ सुटला आणि पट्ट्या ढिल्या झाल्या. म्हणूनच मांडी पुढे १२० अंशांपर्यंत जाते, पण मागे जेमतेम १० ते २० अंश. आणि म्हणूनच आपण रांगेत तासभर उभे राहू शकतो: धड मागे कलंडू पाहतं ते पुढचा अस्थिबंध धरून ठेवतो, स्नायूंना फारसं राबावं लागत नाही.

या अस्थिबंधाचा आकार उलट्या वायसारखा. बॉस्टनचे शल्यविशारद हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ मध्ये निखळलेल्या खुब्यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचं सविस्तर वर्णन आहे. त्याआधी निखळलेला खुबा बसवायला पाय सरळ रेषेत ओढत; कित्येकदा दोर आणि कप्प्या लावून. बिगेलोंनी दाखवलं, की पाय सरळ ओढला की हाच अस्थिबंध ताठ होऊन आडवा येतो. मांडी आधी पोटाकडे दुमडा, तो ढिला पडेल आणि माथा उखळीत जाईल. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसानं हे समजून घेऊन जोर करणं सोडलं. हे ऐकल्यावर मी बहिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मग तिचाच गुडघा का अडला? बाईंनी तिला पालथं झोपवलं, गुडघे काटकोनात वर उचलायला सांगितले आणि पावलं बाहेरच्या बाजूला सोडायला लावली. ती सहज पलंगाकडे गेली. आतल्या बाजूला मात्र थोडी सरकून थांबली. याचा अर्थ तिच्या मांड्या आत भरपूर वळतात, बाहेर कमी. मांडीच्या हाडाच्या मानेला पुढच्या बाजूला एक पीळ असतो. जन्मतः तो ३० ते ४० अंश असतो आणि वाढीच्या वयात कमी होत मोठेपणी सरासरी १५ अंशांच्या आसपास येतो. काहींचा तितका कमी होत नाही. आईला लगेच आठवलं: लहानपणी ही दोन्ही पाय बाहेरून मागे दुमडून मधे फरशीवर बसायची आणि आजी ओरडायची. जी मुलगी तसं आरामात बसते तिला मांड्या बाहेर उघडून बसणं जड जातं, यात भीतीचा काय संबंध?

बद्धकोणासनात मांडी दुमडलेली असते, म्हणून पुढचा अस्थिबंध बराचसा ढिलाच असतो. मांडी बाहेर जाताना आवळतो तो मुख्यतः प्युबोफेमोरल, आणि त्याबरोबर मांडीच्या आतले स्नायू. त्यापुढे हाड हाडाला लागतं. स्नायू सरावानं ऐकतात, तेही बरंचसं ताण सोसायची सवय झाल्यानं. अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचा. तो थोडासा ताणला तर परत येतो. पुन्हा पुन्हा जास्त ओढला तर लांबलेलाच राहतो, आणि रक्तपुरवठा कमी असल्यानं भरून यायला वेळ लावतो. हाड तर कुणाचं ऐकतच नाही. जिनिव्हाच्या संशोधकांनी व्यावसायिक बॅले नर्तकींचे एमआरआय आणि हालचालींच्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये दाखवलं, की टोकाच्या मुद्रांमध्ये हाडांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि माथा उखळीच्या मध्यापासून सरासरी २ मिलिमीटर सरकतो. त्या तर लहानपणापासून तयार झालेल्या नर्तकी.

तेव्हा मला वाटलं, या ताणायच्या वेडाचा नादच नको. तिनं योग सोडावा, असं मी स्पष्ट सांगितलं. पण पुढे घडलं ते वेगळंच. पूर्ण विश्रांती घेतली तेव्हा खुबा जास्त आखडला. हलवायला लागल्यावर बरं वाटलं. शिवाय मांड्यांखाली विटा, कमरेखाली घडी घातलेली ब्लँकेट, पट्टे, लोड ही सारी साधनं जगाला दिली ती पुण्याच्याच बी. के. एस. अय्यंगारांनी. तरुणपणी गुरूंच्या सांगण्यावरून प्रेक्षकांसमोर हनुमानासन करताना आपल्या मांडीमागचे स्नायू फाटले होते, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. म्हणजे दोष योगाचा म्हणायची सोय मला राहिली नाही, आणि मी उगाच वर्षभर तसं म्हणत होते.

ज्यांना अजून आसनं करायची आहेत त्यांना एवढंच सांगेन: मांडीच्या आतल्या बाजूला ओढ बसते ती चालेल, जांघेत पुढे चिमटा बसला की तिथंच थांबा, शिक्षक काहीही म्हणोत. मांडीखाली उशी घ्या. अंगावर भार टाकू देऊ नका.

बहीण आता दुसऱ्या वर्गाला जाते. परदेशातल्या काही योगवर्गांत चटईपाशी एक कार्ड ठेवतात, मला हात लावलेला चालेल किंवा नाही असं सांगणारं. मला ते इथंही हवं आहे. छापायला खर्च तो कितीसा? तिला ते पटत नाही. तिचं म्हणणं, नव्या बाई तिच्या पाठीला हात लावून खांदा सरळ करतात तेव्हा तिला किती बरं वाटतं. कार्ड उलटं ठेवून बसली असती तर ते तिला कधी कळलंच नसतं. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. तरी कार्ड हवंच, असं मी तिला दर वेळी सांगते, आणि ती दर वेळी वाद घालते.