नातेपुत्याची थंडी आणि चौथा हीटर

पहाटेचे तीन. पुण्यात वीकेंडला ही झोपायची वेळ, नातेपुत्यात टेम्पो सुटायची. निदान सुटायला हवा होता! मामांच्या जुन्या डिझेल टेम्पोत डाळिंबाचे क्रेट रचलेले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळच्या लिलावाला पोचायचं, रस्ता साधारण दीडशे किलोमीटरचा. आणि किल्ली फिरवली की नुसतं घुर्र घुर्र, मागून पांढरा धूर, मग शांतता.

"हीटर गेलं असतील," मामा म्हणाले. आपल्याला हीटर माहीत तो बाथरूममधला. हा वेगळा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटतं. पण डिसेंबरात गार पडलेलं लोखंड ती ऊब पिऊन टाकतं. म्हणून जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग, म्हणजेच हीटर. किल्ली अर्धी फिरवायची, काही सेकंद तो लाल होऊ द्यायचा, मग सेल मारायचा.

फोन केल्यावर मिस्त्री मफलर गुंडाळून आले. चारही हीटर जोडणारी पट्टी काढली. बल्बाची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका हीटरच्या डोक्याला. दिवा लागला तर जिवंत, नाही तर गेला. दोन लागले, दोन नाहीत.

मेलेल्यांपैकी एक निघाला, नवा बसला. चौथा मात्र हलेना. आतलं टोक काजळीनं धरलेलं, आटे गंजलेले. घड्याळात पावणेचार. मी डेडलाइनवाला माणूस, म्हटलं, "पान्याला पाइप लावून जोर मारू या का?"

मिस्त्रींनी पानाच खाली ठेवला. "पाव्हणं, जोर लावू नगा. गार इंजिनात वढला, तर अर्धा हातात आन् अर्धा हेडात. मग हेड उतरवा. डाळिंब तवर थांबत्यात व्हय?"

मामा गप्प. वर्षभराची बाग त्या क्रेटांत होती.

मिस्त्रींनी पट्टी परत जोडली. "तिघांवर उठंल. फक्त यार्डात पोचंस्तोवर बंद करू नगा."

हीटर दिला, सेल मारला. इंजिन खोकलं, थरथरलं, भसाभसा धूर सोडला आणि हळूहळू एका लयीत आलं. सव्वाचारला आम्ही फलटणच्या रस्त्याला होतो. लिलाव गाठला!

दोन दिवसांनी चौथा निघाला. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल सोडलेलं, सकाळी इंजिन चांगलं तापवलेलं. मग पाव आटा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल. अर्धा तास गेला, पण अख्खा निघाला.

सोमवारी ऑफिसात एक काम अडलं. सवयीनं जोर लावायला निघालो होतो. आधी चहा घेतला.

कसे जाल? पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणमार्गे. हाच ज्ञानेश्वर माउलींचा पालखी मार्ग. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली.

काय पाहाल? आषाढी वारीत पालखीचा मुक्काम नातेपुत्यात असतो. एरवी जवळच्या डोंगरावर शिखर शिंगणापूरचा महादेव. थंडीत स्वेटर न्याच, आणि गाडी जुनी डिझेल असेल तर हीटर आधी तपासून घ्या.