भिंगाची निगा

आमच्या अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) सैन्याचा सहवास जुनाच आहे. येथील १९९४ साली स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात आम्ही विद्यार्थ्यांस नेले, तेव्हा नेम धरण्याच्या दुर्बिणींचा विषय निघाला. "सर, बंदुकीवरील दुर्बिणीचे भिंग मळल्यास शिपाई ते कशाने पुसतात?" असे एकाने विचारिले, आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्याने आपल्या सदऱ्याचे टोक पुढे केले!

वास्तविक भिंगास धुळीपेक्षा घाईने पुसणाऱ्या हाताचे भय अधिक. धुळीत गारगोटीचे कण असतात. मोह्सच्या मापाने गारगोटीचा कठीणपणा ७, तर साध्या काचेचा सुमारे ५.५. कोरडे फडके फिरविताच हे कण भिंगावर चरे ओढितात. प्रकाश परावर्तनाने वाया जाऊ नये म्हणून दिलेला नाजूक लेपही त्यायोगे कायमचा बिघडतो. ही लेपाची युक्ती १९३५ साली जर्मनीत स्माकुला यांनी काढिली.

यास्तव प्रथम रबरी फुगा दाबून हवेने धूळ उडवावी, उरलेली मऊ कुंचल्याने झाडावी. नंतर भिंगे पुसण्याच्या द्रवाचा थेंब भिंगावर न टाकता स्वच्छ, मऊ कापडावर घ्यावा, आणि मध्यापासून कडेकडे हलकेच पुसावे. काम संपताच झाकण लावावे. पावसाळ्यात दमट पेटीत भिंगास बुरशी धरते व ती काच खाते. म्हणून कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

शाळेच्या सूक्ष्मदर्शक यंत्रासही हाच नियम. पालकांनी घरी मुलांच्या चष्म्यापासून हा पाठ आरंभावा. कारण शाळेचे यंत्र एकट्याचे नसते. आज पडलेल्या चऱ्यातूनच पुढील वर्षांच्या मुलांस पाहावे लागते.